वणव्यानंतर जंगल मोकळं झालं, तर तिथलं स्कीइंग सुधारतं की बिघडतं?

लातूरचा_परागंदा | रविवार, सकाळी 8:40

नमस्कार मंडळी. विषय आपल्या मातीतला नाही हे आधीच कबूल करतो. पण इथं विचारलं तर हसणारे निदान आपल्या भाषेत हसतील.

मी मूळचा औसा तालुक्यातला, नऊ वर्षं झाली कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोत. बर्फाशी माझी ओळख गंजगोलाईतल्या गोळ्यापुरतीच होती. 2018 साली ऑफिसातल्या एका पोरानं ओढत सिएरा-ॲट-टाहो या स्की रिसॉर्टला नेलं. हायवे 50 धरून गाडीनं दोनेक तास. तिथं मी स्की शिकलो, म्हणजे आधी पडायला आणि मग उठायला. त्या डोंगराचं नाव होतं ते झाडीसाठी. फर आणि पाइनच्या उंच झाडांमधून वाट काढत उतरायचं. वर वारा सुटलेला असला तरी झाडीत शिरलं की देवळात शिरल्यासारखं शांत.

ऑगस्ट 2021 मध्ये कॅल्डॉर वणवा लागला. 2,21,835 एकर जळाले, म्हणजे जवळपास 900 चौरस किलोमीटर, आपल्या आख्ख्या लातूर जिल्ह्याचा आठवा हिस्सा! रिसॉर्टची जमीन साधारण दोन हजार एकर, त्यातली बहुतेक होरपळली. मुख्य इमारती वाचल्या, पण लोकांना डोंगरावर नेणाऱ्या काही लिफ्टचे दोर उष्णतेनं खराब झाले आणि पुढचा हंगाम जवळजवळ वायाच गेला. पडायला आलेली हजारो झाडं तोडून 3 डिसेंबर 2022 ला पुन्हा उघडलं.

तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, "मोकळं झालं, पाहिजे तिथून उतरा, मजा आहे." दुसरा म्हणतो, "आता तिथं राम राहिला नाही." मी स्वतः वणव्यानंतर गेलेलो नाही, खरं सांगायचं तर मन होत नाही. पण पोरगी नऊ वर्षांची झाली, तिला यंदा शिकायचंय. कुणाला अनुभव आहे का?

---

मोंढा_नाका | 8:52

लातूरकरांनी स्कीइंगवर धागा काढला, आता डोळे मिटायला मोकळा. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, येताना चार डबे बर्फाचे जोडा म्हणावं.

---

बालाघाटी | 9:05

आम्ही येडशीच्या डोंगरात स्की केलंय की. गवत वाळलं की लई बुळबुळीत होतं, त्यावर खताचं पोतं टाकायचं, त्यावर आपण बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. ब्रेक म्हणजे करवंदीची जाळी. कुणीतरी काडी लावली की उतार काळा व्हायचा आणि घसरणं बंद ते पुढच्या दिवाळीपर्यंत. म्हणून माझं उत्तर: बिघडतं.

---

मोंढा_नाका | 9:07

@बालाघाटी, पँट मागून फाटलेली होती का नव्हती तेवढं सांगा.

---

बालाघाटी | 9:11

आईनं ठिगळ लावलं होतं. ते पण फाटलं.

---

डेन्व्हरची_सून | 10:30

मी परभणीची, चौदा वर्षं कोलोरॅडोत आहे. दोन्ही तट अर्धे-अर्धे बरोबर आहेत आणि दोघंही वेगवेगळ्या महिन्याबद्दल बोलतायत असं मला वाटतं.

दाट सूचिपर्णी झाडी असते तेव्हा पडणाऱ्या बर्फातला बराच भाग फांद्यांवर अडकतो. त्यातला काही खाली येतो, काही तिथूनच वाफ होऊन उडून जातो. जंगल जळालं, सुया गेल्या, की तोच बर्फ सरळ जमिनीवर येतो. त्यामुळे जानेवारीत, नुकताच बर्फ पडून गेलेला असताना, जळालेल्या उतारावर जास्त भुसभुशीत बर्फ आणि जास्त मोकळी जागा मिळते. तुमचा पहिला तट याच दिवशी गेलेला असणार.

आता दुसरा तट. झाडी वारा अडवते. ती गेली की वारा एका बाजूचा बर्फ खरवडून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो. मधला उतार कडक, बर्फीला आणि काठाला ढीग. तुम्ही "देवळासारखं शांत" म्हणालात ना दादा, ते आता शोधू नका.

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही. ढगाळ दिवशी सगळं पांढरंफेक असतं, उंच-सखल कळत नाही. अशा वेळी झाडांची गडद खोडं डोळ्याला आधार देतात. म्हणून वादळाच्या दिवशी अनुभवी लोक झाडीत जातात. जळालेली झाडं तोडून टाकली की तो आधारही जातो. पाय पुढं टाकला आणि जमीन तिथं नाहीच, असं मी एकदा अनुभवलंय. पोटात गोळा येतो.

---

ताई_अंबाजोगाईच्या | 10:48

बर्फ झाडावरूनच वाफ होऊन उडतो? पाणी न होता? कापूर उडतो तसं?

---

डेन्व्हरची_सून | 10:55

अगदी तसंच ताई. कापराचं उदाहरण पुढं मीच ढापणार.

---

पाणलोट_वाला | 11:40

छत्रपती संभाजीनगर. पाणलोटाच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे बर्फ पाहिला नसला तरी बर्फाच्या पाण्यावरचं वाचतो. सूनबाईंनी सांगितलं ते बरोबर, पण मुख्य गोष्ट मार्च-एप्रिलची आहे.

ओरेगॉनमध्ये 2011 साली जळालेल्या एका जंगलात संशोधकांनी मोजमाप केलं, ते 2013 ला छापून आलं. शेजारच्या हिरव्या जंगलापेक्षा जळालेल्या जंगलात बर्फ जास्त साठला होता. तरीही तो 23 दिवस आधी संपला. दोन कारणं. सावली गेल्यामुळे बर्फावर सुमारे 60 टक्के जास्त ऊन पोचलं. आणि जळकी साल, कोळशाचे तुकडे सारखे खाली गळत राहिल्यानं बर्फाची ऊन परतवण्याची ताकद वितळण्याच्या काळात 40 टक्क्यांनी कमी झाली. आपण पांढरा सदरा आणि काळा सदरा घालून मे महिन्यात उभं राहावं, तसं.

कोळसा एकदाच पडत नाही, हे लक्षात घ्या. झाड मेलेलं उभं असतं आणि दर वादळात साल टाकत राहतं. दहा-दहा वर्षं हा परिणाम टिकतो. म्हणजे तुमचं रिसॉर्ट जानेवारीत श्रीमंत आणि मार्चमध्ये कंगाल. आमच्याकडच्या नाल्यासारखं, आला तर लोंढा, गेला तर खडखडाट.

---

मोंढा_नाका | 11:44

जानेवारीत श्रीमंत, मार्चमध्ये कंगाल. हे तर आमच्या मोंढ्यातल्या प्रत्येक दुकानदाराचं वर्णन आहे.

---

नांदेड_ते_मेलबर्न | 12:20

ऑस्ट्रेलियातून राम राम. इकडं पण स्की आहे, हसू नका. जानेवारी 2020 च्या आगीत न्यू साउथ वेल्समधल्या सेल्विन रिसॉर्टच्या इमारती जळून खाक झाल्या, ते जून 2023 मध्येच परत उघडलं. तिथं उतार होता तसाच होता, बर्फही पडला, पण तिकीट खिडकी नाही, लिफ्ट नाही, चहा नाही. तेव्हा "स्कीइंग सुधारलं का" याच्या आधी "स्कीइंग उरलं का" हा प्रश्न असतो.

एक वेगळं दृश्य सांगतो. व्हिक्टोरियाच्या डोंगरात 2003 ला मोठी आग लागली होती. तिथली झाडं स्नो गम, म्हणजे निलगिरीची बर्फात तगणारी बहीण. वरचं खोड मेलं, साल गळाली, लाकूड उन्हा-पावसानं चांदीसारखं राखाडी झालं. आणि बुडाशी जमिनीतल्या गाठीतून हिरवे धुमारे फुटले. मेलेली आणि जिवंत अशी एकच झाडं, हजारोंनी. त्यातून स्की करत जाताना अंगावर काटा येतो. सुधारलं म्हणू का बिघडलं, मला ठरवता येत नाही.

---

किनवटचा_साग | दुपारी 2:15

धागा वाचूलालो सकाळपासून. मी वनखात्यातून निवृत्त. बर्फ टीव्हीत पाहिला, पण वणवा अंगावर घेतलाय, म्हणून दोन शब्द.

आमच्याकडं फेब्रुवारी ते मे वणव्याचे दिवस. कारणं तीच ती: मोहाखालचा पालापाचोळा जाळायचा म्हणजे फुलं वेचायला सोपी, तेंदूला नवी पालवी चांगली येते मनून काडी, नाहीतर कुणाची तरी विडी. आम्ही आधी जाळरेषा काढायचो. पट्टा साफ करायचा, त्यातला पाला आपणच सांभाळून जाळायचा. वणवा आला की हिरव्या फांद्यांनी झोडपायचा. पाण्याची गाडी त्या डोंगरात कुठून येणार?

पण आमचा वणवा जमिनीवरून धावतो. गवत, पाला, झुडपं जातात. मोठा साग काळा होतो, मरत नाही. बारका साग जळाला तरी पावसाळ्यात बुडातून फुटवा येतो, तुमच्या त्या स्नो गमसारखाच. टाहोचं फर असं फुटतं का? का मेलं ते मेलं?

---

डेन्व्हरची_सून | 2:50

काका, नेमका प्रश्न विचारलात. फर बुडातून फुटत नाही. आग शेंड्यापर्यंत गेली की झाड मेलंच. नवं यायचं ते बी पडून, आणि बी टाकायला जवळपास जिवंत झाड उरलेलं पाहिजे. मोठा पट्टा सगळाच जळाला तर बी तिथवर पोचत नाही, मग हातानं रोपं लावावी लागतात. आमच्या रॉकीजमधल्या लॉजपोल पाइनची गंमत वेगळी. त्याची कित्येक शंकूफळं राळेनं बंद असतात, आगीच्या झळेनं उघडतात आणि राखेत बी सांडतं. ॲस्पेन तर मुळांतून पटापट उगवतो. म्हणून कुठलं रिसॉर्ट, कुठली झाडं, यावर उत्तर बदलतं. टाहोला मात्र तुमच्या-आमच्या हयातीत पहिल्यासारखी झाडी होत नाही.

आणि मधल्या काळात झाडांऐवजी झुडपं माजतात. ती दाट, काटक आणि कमरेएवढी. बर्फ कमी पडला की त्यांचे शेंडे वर राहतात आणि स्की अडकते. पूर्वी दोन फुटांत उघडणारा उतार मग चार फूट मागतो.

---

गवताळ | 3:20

किनवटच्या काकांशी आदरानं असहमत. आमच्या कन्नडकडं गौताळ्याच्या कडेला म्हातारी माणसं सांगतात, जाळलं की गवत चांगलं येतं, जनावरं आवडीनं खातात. थोडी आग जंगलाला लागतेच. अमेरिकेतले पण आता मुद्दाम लावतात ना? मग रिसॉर्टला झाला तो फायदाच.

---

किनवटचा_साग | 3:45

गवताळ भाऊ, पहिल्या पावसात जे हिरवंगार दिसतं ते खरंच गोड असतं, मी नाही म्हणत नाही. तेच रान चार वर्षं लागोपाठ जाळून बघा. माती उघडी पडते, पहिल्या वळवाच्या सरीला वाहून जाते, आणि शेवटी फक्त कुसळ उरतं, ते शेळी पण तोंडात धरत नाही. ठरवून, थंडीत, दव असताना लावलेली आग वेगळी आणि एप्रिलच्या दुपारी सुटलेली वेगळी. चूल आणि घर जळणं या दोन्हीला आपण आगच म्हणतो.

आणि परागंदा, सांगा, झाडं गेल्यावर तिथं उन्हाळ्यात माती कोण धरतं?

---

पाणलोट_वाला | 4:05

काकांच्या प्रश्नाला मी जोडतो. फार तापलेल्या आगीत मातीत एक मेणचट थर तयार होतो, पाणी मुरतच नाही. वरून पाऊस आला की चिखल, दगड, ओंडके सगळं एकदम खाली. स्कीच्या उतारावर याचा अर्थ घळी पडणं. म्हणून जळालेल्या उतारावर पेंढा किंवा लाकडाचा भुसा पसरतात, आडवे चर आणि ओंडके टाकतात. आपले समतल चर, दुसरं काय!

---

संपादक_मंडळ | 4:10

विषय छान चाललाय. मिरचीच्या भज्यांविषयीचे तीन प्रतिसाद "खादाडी" विभागात हलवले आहेत.

---

औलीला_गेलेला | 5:30

भज्यांचा प्रतिसाद माझाच होता, माफी असावी. औलीला गेलो होतो त्याबद्दल लिहायचं होतं. उत्तराखंडात वणवे दरवर्षी लागतात, पण ते जास्त करून खालच्या चीड पाइनच्या जंगलात, तिथं सुया वाळून गालिचा होतो, त्याला पिरूल म्हणतात. औली त्याच्या वर, देवदार आणि ओकच्या पट्ट्यात. त्यामुळे स्कीचा उतार जळालेला मी पाहिला नाही. बाकी उतरताना तीन वेळा पडलो, नंदादेवी तिन्ही वेळा सुंदर दिसली.

---

एक_ठेचकाळलेला | रात्री 9:15

वाचत होतो फक्त, पण आता लिहितो. मी जालन्याचा, न्यू मेक्सिकोत शिकायला होतो. तिकडं 2012 च्या लिटल बेअर वणव्यात मेस्कालेरो अपाची जमातीच्या स्की अपाची रिसॉर्टचा काही भाग जळाला होता. माझा अनुभव मात्र दुसरीकडचा, एका लहान रिसॉर्टचा, नाव घेत नाही.

डिसेंबरचा पहिला आठवडा, बर्फ जेमतेम गुडघाभर. काही वर्षांपूर्वी जळालेला उतार, दिसायला गुळगुळीत. मी हुशारी करून मुख्य पट्टी सोडून बाजूला गेलो. बर्फाखाली आडवा ओंडका होता. स्की थांबली, मी नाही थांबलो. खांदा निखळला.

जळालेल्या रानात नेमकं हेच असतं. खुंट आणि पडलेली खोडं उन्हाळ्यात दिसतात, हंगामाच्या सुरुवातीला झाकली जातात पण बुडत नाहीत. आणि जी मेलेली झाडं उभी आहेत ती मुळं कुजली की वाऱ्यात कधीही पडतात, आवाज न करता. अशा झाडाखाली डबा खायला बसू नका.

---

मोंढा_नाका | 9:20

जोक टाकणार होतो, टाकत नाही. खांदा बरा आहे ना आता?

---

एक_ठेचकाळलेला | 9:26

थंडीत दुखतो. जालन्यात थंडी असते किती, चालतंय.

---

ताई_अंबाजोगाईच्या | 9:50

झाडं गेली तर ते हिमस्खलन की काय ते वाढत नाही का? आणि झाडाभोवती खड्डा असतो त्यात माणूस पडतो असं वाचलंय.

---

डेन्व्हरची_सून | 10:20

दोन्ही बरोबर ताई, आणि दोन्हींचं उत्तर उलट दिशेचं आहे. उतार तीव्र असेल तर दाट झाडी बर्फाला खिळ्यासारखी धरून ठेवते. ती गेली की पूर्वी सुरक्षित असलेल्या जागी हिमस्खलन होऊ शकतं, मग पहारा करणाऱ्या पथकाला नव्यानं सगळा डोंगर वाचावा लागतो. याउलट झाडाभोवतीचा खड्डा, ज्याला ट्री वेल म्हणतात, तो खालच्या फांद्यांमुळे होतो. फांद्या छत्रीसारखा बर्फ अडवतात आणि बुंध्याशी पोकळी राहते. जळालेल्या खोडाला फांद्याच नसतात, मग तशी खोल पोकळीही कमी. एक मरण कमी, एक जास्त.

---

बालाघाटी | 10:24

आमच्या विहिरीला पाणी नाही आणि ह्यांच्या झाडाला विहीर!

---

लातूरचा_परागंदा | सोमवार, सकाळी 7:30

रात्री सगळं वाचलं. एक राहून गेलेली गोष्ट सांगतो, काकांनी पाण्याच्या गाडीचा विषय काढला म्हणून. कॅल्डॉरच्या वेळी शेजारच्या हेवनली रिसॉर्टनं बर्फ बनवायच्या तोफा चालू केल्या होत्या. ऑगस्टच्या उन्हात बर्फ कसला होतोय, नुसते पाण्याचे फवारे. इमारती आणि जमीन ओली ठेवायला. टीव्हीवर ते पाहिलं आणि मला आमच्या हरभऱ्यातला तुषार संच आठवला. दादा पहाटे उठून नळ्या हलवायचे.

ठरवलंय की जायचं. जानेवारीत, सकाळी लवकर, सावलीच्या उत्तर उतारावर, आणि पट्टी सोडून कुठं जायचं नाही. आल्यावर लिहितो.

---

पाणलोट_वाला | 8:10

शाबास. आणि 2022-23 सारखं वर्ष मिळालं तर नशीब समजा. त्या हिवाळ्यात तिथल्या सिएरा डोंगररांगेतल्या हिम प्रयोगशाळेत 754 इंच बर्फ मोजला गेला. उघडल्यानंतरचं पहिलंच वर्ष, आणि खुंट-ओंडके सगळे पोटात घेतले त्यानं. त्या एका वर्षावरून "मोकळं झालं, मस्त झालं" म्हणणाऱ्यांचं मत बनलं असेल तर नवल नाही.

---

लातूरचा_परागंदा | जानेवारी, रविवार, रात्री 11:05

धागा वर काढतो. काल जाऊन आलो.

गाडीतून उतरल्यावर पोरगी पटकन म्हणाली, "बाबा, इथं कुणी मोठ्या पेन्सिली रोवल्यात." मला तसं सुचलं नसतं. पांढऱ्यावर काळे दांडे, टेकडीभर. मी गप्प उभा राहिलो, ती बूट घालायला पळाली. तिच्यासाठी तो डोंगर पहिल्यापासून असाच आहे.

सकाळी दहापर्यंत बर्फ उत्तम. जिथं पूर्वी झाडीमुळे एका ओळीत उतरावं लागायचं तिथं आता रुंद, मोठी वळणं घेता येतात. माझ्यासारख्या मध्यम माणसाला सोपं गेलं, हे प्रामाणिकपणे लिहितो. पहिला तट खोटा नाही. वरून टाहो तलाव दिसला, पूर्वीही दिसायचा, पण आता आडवं येणारं काही नाही. अकराला वारा सुटला आणि सूनबाई आठवल्या. झाडीत शिरू म्हटलं, तर शिरायला झाडी नाही. दुपारी दक्षिणेकडचा उतार गोळ्याच्या बर्फासारखा खरखरीत झाला, वर सालीचे काळे तुकडे, तिळाच्या लाडवासारखे. दोनला आम्ही परत.

पोरगी सतरा वेळा पडली. मोजत होती.

---

मोंढा_नाका | 11:09

सतरा! बापाचा विक्रम मोडला का?

---

लातूरचा_परागंदा | 11:12

माझा पहिल्या दिवशीचा आकडा या मंचावर जाहीर होणार नाही.

---

किनवटचा_साग | सोमवार, सकाळी 6:20

वाचून बरं वाटलं. एक विचारायचं होतं. जळालेल्या जागी फरची रोपं उगवली किंवा लावली असतील, तर ती वीतभर, हातभर असणार, मनजे बर्फाखाली. स्कीची धार लोखंडाची असते मनतात. बर्फ पातळ असेल तर रोपाचा शेंडा कापला जात नाही का? आमच्याकडं नवं रोपवन असलं की पाच वर्षं चराईबंदी असायची.

---

डेन्व्हरची_सून | 7:05

कापला जातो काका. म्हणून काही ठिकाणी अशा जागेला दोर लावून बंद ठेवतात.

---

लातूरचा_परागंदा | 7:40

काका, परवा एका ठिकाणी दोर लावलेला होता. पलीकडं इतका सुंदर, कुणी न तुडवलेला बर्फ होता की मी पोरीला म्हणालो, कामून बंद ठेवलंय कोण जाणे.